हँडल आबांचं, गोट्या तात्यांच्या

फॅनबेल्ट तुटला तेव्हा मी गाडीत बसलेली होते. मांडीवर पिशवी, पिशवीत नेमणुकीचा कागद आणि आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बांधून दिलेली दशमी-चटणी, आणि डोक्यात एकच घोर, की ऑफिस बंद व्हायच्या आत पोचायचं. आमच्या ह्यांनी गाडी सुरू केली, बॉनेटवरचा झेंडूचा हार थरथरला आणि आतून काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला. मग पत्र्यावर कुणी वादी आपटावी तसं फटाफटा वाजायला लागलं.

"आदी बंद कर," आबा सोप्यातनं म्हणाले.

आबा म्हणजे माझे सासरे. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधनं फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना गाडीजवळ यावंसुद्धा लागलं नाही, बसल्या जागीच आवाजावरनं ओळखलं. ह्यांनी बॉनेट उघडलं आणि तुटलेला पट्टा मेलेल्या नागासारखा दोन बोटांत धरून बाहेर काढला. आमचे हे हायस्कुलात भूगोल शिकवायचे. जगातल्या सगळ्या नद्या कुठनं कुठं जातात ते त्यांना पाठ, पण गाडीतलं पाणी कुठनं घालायचं ते दरवेळी आबांना विचारायचे. बिचारे चेहरा पाडून उभे राहिले.

"आता?" मी विचारलं.

ह्यांनी आबांकडं बघितलं.

आता तुम्हाला सांगायला पाहिजे, मला कुठं जायचं होतं ते. लग्नाआधी मी नर्सचा कोर्स केला होता. मुलाखत दिली, यादीत नाव लागलं ते पार तळाला. मग लग्न झालं, गडहिंग्लज तालुक्यातल्या ह्या गावात आले, चूल-भाकरी, गोठा-शेण सुरू झालं. नोकरीचं मी मनातनं काढूनच टाकलं होतं, निदान तसं सगळ्यांना सांगायची तरी. आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी पोस्टमन आला. नेमणूक चंदगडच्या पलीकडं, डोंगरातल्या आरोग्य केंद्रात. कागद टपालात कुठंतरी लोळत पडला असणार, कारण रुजू व्हायची शेवटची तारीख होती दुसऱ्याच दिवसाची. त्या दिवशी ऑफिस बंद व्हायच्या आत हजर झाला नाहीत तर तुम्हाला नोकरी नको असं समजून पुढच्या नावाला बोलावू, असं स्वच्छ लिहिलेलं.

त्या गावाला एकच एस.टी. जायची. संध्याकाळी निघायची आणि तिथंच मुक्कामाला राहायची. मी म्हटलं, मी हिच्यातनंच जाते, रात्री तिथल्या बायांत कुठंही पडेन. तर हे म्हणाले, दारात गाडी असताना एस.टी.चे धक्के कशाला, सकाळी आरामात जाऊ. ती मुक्कामी गाडी माझ्या डोळ्यांदेखत धुरळा उडवत फाट्यावरनं वळून गेली. तेव्हाही मी म्हटलं, आजच जायला पाहिजे होतं. पण बायकोचं कोण ऐकतंय.

आणि आबा? आबांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घातली, पानाच्या डब्याखाली ठेवला आणि गप्प बसले. चांगलं झालं नाही, वाईट झालं नाही. लग्नाआधी मी मुलाखतीला गेले होते हे त्यांना कळलं तेव्हा, "आपल्या घरात काय कमी पडलंय?" एवढंच बोलले होते. त्यावरनं मी माझ्या मनाशी धरूनच बसले होते, की आबांच्या मनातनं हे नाही. सकाळी पाया पडले तर डोक्यावर हात ठेवला, पण तोंड बंदच. बेल्ट तुटला तेव्हा मी त्यांच्याकडं पाहिलं. खरं सांगते, मला वाटलं, म्हातारा खूश झाला असणार.

पण आबा उठले. बंडीचा खिसा जड झालेला, एका अंगाला लोंबत होता. त्यावर हात दाबून ते चालत गाडीपाशी आले. पानाची चंची असेल, दुसरं काय असणार, असं मला वाटलं. वाकून त्यांनी आत बघितलं. म्हणाले, नवा बेल्ट खुंटीला आहे, आदल्या खेपेला जोडी आणली होती. पण तो चढवायचा तर डायनामो सरकवायला पाहिजे, आणि डायनामोच्या मागच्या बोल्टला सरळ पाना बसत नाही. तिथं गोटीपाना लागतो.

गोटीपाना म्हटल्यावर आत्तींनी डोळे मिटून घेतले.

त्या पान्याची कथा अख्ख्या गावाला ठाऊक होती. आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ तात्या, दोघंही कारखान्यात. आबा फिटर, तात्या भट्टीवर. पहिल्या बोनसातनं दोघांनी मिळून कोल्हापुरातनं गोटीपान्याची पेटी आणलेली. लोखंडी पेटी, आत लहान-मोठ्या पोलादी गोट्या ओळीनं बसवलेल्या, आणि त्या सगळ्यांना मिळून एकच हँडल आणि एक लांब दांडा. ज्या मापाचा बोल्ट त्या मापाची गोटी घ्यायची, हँडलच्या नाकावर बसवायची, फिरवायची. दोन्ही भाऊ त्या पेटीला इतके जपायचे, की आत्ती आणि तात्यांच्या घरच्या काकी तिला आपली तिसरी जाऊ म्हणायच्या.

मग वाटणी झाली. माझं लग्न होऊन यायच्या आदल्या साली. शेत वाटलं, जनावरं वाटली, गाडी आबांना आणि ट्रॅक्टर तात्यांना, भांड्याकुंड्यांवरनंसुद्धा कुणी चकार शब्द काढला नाही. सगळं गुण्यागोविंदानं चाललेलं आणि ही पेटी निघाली. आबा म्हणाले, मी थोरला, मला. तात्या म्हणाले, दुकानात जाऊन निवडून आणली मी, मला. सकाळपासनं बसून पंचांच्या कमरा धरलेल्या. त्यातल्या एकानं वैतागून म्हटलं, मग करा की निम्मी निम्मी. बिचाऱ्यानं चेष्टा केली होती. पण दोन्ही भाऊ एकदम म्हणाले, चालंल. एकानं हँडल आणि दांडा उचलला, दुसऱ्यानं गोट्या उचलल्या. पंच बघतच राहिले. रिकामी पेटी कुणी घ्यायची ह्यावरनं आणि एकदा जुंपली, म्हणून ती तिथंच टाकली आणि तिच्यात पुढं आत्तींच्या कोंबडीनं अंडी घातली.

त्या दिवसापासनं दोघांचं बोलणं बंद. अंगणात छातीएवढी भिंत उभी राहिली. अलीकडं हँडल, पलीकडं गोट्या. दरसाल खंडेनवमीला आबा पाटावर हँडल मांडायचे, त्याला हळदकुंकू वाहायचे, झेंडू ठेवायचे, आणि भिंतीपलीकडं तात्या गोट्यांची ओळ लावून तीच पूजा करायचे. अर्ध्या पान्याची अर्धी पूजा. हसावं की रडावं कळायचं नाही. बायकांचं मात्र भिंतीवरनं सगळं चालायचं. ह्या घरची आमटी त्या घरात आणि त्या घरची चटणी ह्या घरात बिनबोभाट जायची, आणि दोघं भाऊ दोन्ही घरचं मिटक्या मारत खायचे.

त्यात आज खंडेनवमी. खंडेनवमीला हत्यार एकदा पुजलं की दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. विळा-कोयता, पाना-हातोडी, शिलाईचं मशीनसुद्धा. ती हत्यारांची सुट्टी. आमच्या घरची पूजा भल्या पहाटे झालेली, हँडल फुलांखाली दिसतही नव्हतं. गाडीला तेवढा नुसता हार घातलेला, तिची पूजा दसऱ्यावर ठेवलेली, कारण ती चालवायची होती.

ह्यांनी सायकल काढली आणि फाट्यावरच्या बाबालाल मिस्त्रीकडं गेले. बाबालालची हत्यारं म्हणजे पाच पंचवीस गाड्यांचा दवाखाना. आम्ही सगळे त्या वाटेकडं डोळे लावून बसलो. सूर्य चांगला वर आला. मी पिशवीतला कागद काढून परत परत वाचत होते, जशी काही वाचून वाचून तारीख पुढं जाणार होती. हे परत आले ते एका हातात हँडल आणि दुसऱ्या हातात खोबऱ्याचा प्रसाद घेऊन. सायकलचं हँडल म्हणते मी.

बाबालाल मिस्त्रीनंसुद्धा सकाळीच नारळ फोडून हत्यारं पुजली होती. तो म्हणाला, मास्तर, जीव मागा, पण आज पाना मागू नका, माझ्या बापानंसुद्धा कधी खंडेनवमीचा पाना उचलला नाही. गावातली जीप नवरात्राची माणसं घेऊन डोंगरावरच्या देवीला गेलेली, ती सांजच्याला येणार. हे म्हणाले, प्रसाद घे. मला तो प्रसाद गिळवेना.

तेव्हा मला रडू आलं. मोठ्यानं नाही, पण आलं. कोर्स करताना हॉस्टेलच्या ओल्या खोलीत काढलेले दिवस आठवले. आईनं त्यासाठी मोडलेल्या पाटल्या आठवल्या. असं कधी झालं नव्हतं, की हातातोंडाशी आलेला घास एका रबरी पट्ट्यासाठी जावा. आत्ती पाठीवरनं हात फिरवत राहिल्या. हे उगाच बॉनेट उघडायचे, आत बघायचे, परत लावायचे.

आबा म्हणाले, "प्रमिला, इकडं ये."

मी डोळे पुसून गेले.

"पलीकडं जा. शामला म्हणावं, अर्ध्या इंचाची गोटी दे. दुपारच्या आत परत करतो."

आबांच्या तोंडातनं शाम हे नाव मी लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा ऐकलं. आत्तींनी हातातलं सूप खाली ठेवलं. मी पदर सावरला आणि भिंतीला वळसा घालून पलीकडं गेले. तात्या अंगणात बाजेवर बसले होते. समोर पाटावर गोट्या मांडलेल्या, धाकटीपासनं थोरलीपर्यंत, प्रत्येकीवर एक एक फूल. मी सगळं सांगितलं. नेमणुकीचा कागद, शेवटचा दिवस, बेल्ट, बोल्ट. काकी दारात उभ्या राहून ऐकत होत्या आणि खुणेनं मला धीर देत होत्या.

तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग भिंतीकडं तोंड करून, पलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरी, तुला न्हाई म्हणत न्हाई मी. पण ज्याला गोटी पायजे त्याला तोंड न्हाई का? सुनंला धाडतोय व्हय?"

मी तिथंच उभी. संपलं, मनात म्हटलं, हे दोन म्हातारे आता उद्याचा दसरा उजाडेपर्यंत अडून बसणार आणि माझी नोकरी त्यांच्या मध्ये चेंगरून मरणार.

मग भिंतीवर आबांची पांढरी टोपी दिसली. हळूहळू कपाळ दिसलं, डोळे दिसले. दोन्ही हात भिंतीवर ठेवून आबा उभे राहिले. तात्या बाजेवरनं उठले. दोघांच्यात ती छातीएवढी भिंत. आबा तोंड उघडायचे आणि मिटायचे. शेवटी निघालं ते एवढंच.

"शाम, सून रुजू व्हायचीय."

गोटीचं नाव काढलं नाही. दे म्हणाले नाहीत. तात्यांनी बराच वेळ त्यांच्याकडं बघितलं आणि पाटाकडं वळले.

"अवो, पुजलेलं हाय," काकी बोलल्या.

तेवढ्यात पलीकडनं आत्तीसुद्धा तेच म्हणाल्या, कारण आबा तिकडं फुलांतनं हँडल काढत होते. जावाजावांचं असं एकमत फार वेळा होत नाही. आबांनी हँडल कपाळाला लावलं, झेंडू खाली ठेवला आणि आत्तींना जे सांगितलं ते मी भिंतीपलीकडनं ऐकलं. ते आजही माझ्या कानात आहे.

"ही नर्स हाय. डोंगरातल्या बायकांची बाळंतपणं करायला चाललीय. देवीला काय आईचं काम कळत न्हाई? रागवायचं तर माझ्यावर रागवंल."

ज्या माणसाच्या मनात माझी नोकरी नाही असं मी धरून चालले होते, तो माणूस माझ्यासाठी पुजलेलं हत्यार उचलत होता.

तात्यांनी गोटी उचलली, पण मला दिली नाही. मुठीत धरली आणि वळसा घालून स्वतःच आमच्या दारात आले. काकी त्यांच्या मागनं, मी काकींच्या मागनं. गाडीपाशी आल्यावर तात्या माझ्याकडं बघून म्हणाले, "सांग त्यास्नी. माझी गोटी माझ्या हातात ऱ्हाणार."

आबा समोरच हातभर अंतरावर उभे. तेही माझ्याकडं बघून म्हणाले, "सांग त्याला. हँडल मी सोडत न्हाई."

मी दोघांना दोघांचं सांगितलं. आता करता काय. तात्या गाडीखाली शिरले, खालनं गोटी बोल्टवर दाबून धरली. आबांनी वरनं लांब दांडा आत सोडला, गोटीत बसवला आणि हँडल धरलं. एक पाना, दोन मालक, आणि मधे दुभाषी म्हणून मी, अंगावर ठेवणीतली साडी नेसून. सांग त्याला नीट धर म्हणावं. सांगा त्यास्नी उलटं फिरवायलेत. सांग त्याला मला कळतंय. सांगा त्यास्नी कळत असतं तर बोल्ट निघाला असता. आमचे हे तोंडावर रुमाल धरून गोठ्याकडं गेले, ते हसायलाच गेले असणार. आत्ती आणि काकी भिंतीला टेकून एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या.

बोल्ट गंजलेला, हलेना. आबांनी पाय रोवले, सगळा भार टाकला. एकदा, दोनदा. आणि एकदम कडकन आवाज होऊन बोल्ट सुटला. आबांची मूठ जाऊन रेडिएटरच्या धारेवर आपटली. आबांच्या तोंडातनं हुंकारसुद्धा निघाला नाही, पण बोटांच्या सांध्यांवरनं रक्त आलं आणि दोन थेंब खाली पडले, ते गाडीखालच्या तात्यांच्या कपाळावर.

तात्या सरपटत बाहेर आले. कपाळाला हात लावला, हाताकडं बघितलं.

"दादा, बघू हात."

ह्या वेळी 'सांग त्यास्नी' म्हणून तात्या माझ्याकडं वळले नाहीत.

आबा म्हणाले, "काय न्हाई झालं. खरचटलंय." आणि हात मागं घेतला. पण तात्यांनी मनगट धरून ओढलाच. काकी धावत जाऊन पूजेच्या ताटातली हळद घेऊन आल्या आणि तात्यांनी ती चिमटीनं आबांच्या बोटांवर दाबली. पुजलेल्या हत्याराची हळद, माणसाला लागली. आबा दुसरीकडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते खरचटल्याचं आहे असं आम्ही सगळ्यांनी समजून घेतलं.

त्यानंतर माझी गरजच राहिली नाही. दादा जरा डावीकडं, शाम धर आता, दादा सावकाश, असं सुरू झालं. नवा बेल्ट चढला, डायनामो ताणून बोल्ट आवळला. आवळून झाल्यावर तात्यांनी गोटी काढायला बघितली तर ती दांड्यावर घट्ट बसली होती. आबांनी ओढली, तात्यांनी ओढली, येईना.

"ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले.

आबांनी तो जोडलेला पाना भिंतीवर ठेवला. बरोबर मधोमध.

मी त्या दिवशी ऑफिस बंद व्हायच्या आत पोचले. चंदगडपासनं पुढं रस्ता असला की आतडी तोंडात यावीत, पण गाडीनं एकदासुद्धा कुरकुर केली नाही. केंद्रातले डॉक्टर टेबल आवरून उठतच होते. माझा अवतार बघून, साडीला ग्रीस आणि कपाळावर घाम, त्यांनी विचारलं, कुठल्या गाडीनं आलात? मी म्हटलं, आमच्या सासऱ्यांच्या. त्यांनी रजिस्टर पुढं सरकवलं आणि मी सही केली. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि आत्तींची दशमी सोडली. सकाळपासनं पोटात अन्नाचा कण नव्हता. इतकी गोड दशमी मी परत कधी खाल्ली नाही. ह्यांना म्हटलं, आता तो बाबालालचा प्रसादही काढा.

डॉक्टरांनी दसऱ्यासाठी दोन दिवस मोकळीक दिली, म्हणून त्याच गाडीनं परत आले. दुसऱ्या दिवशी दसरा. दोन्ही घरची उत्तरपूजा भिंतीवर झाली, कारण पाना भिंतीवर होता आणि तो कुणी कुणाच्या घरात न्यायचा हा प्रश्न परत काढायची कुणाची छाती नव्हती. आबांनी आपट्याची पानं तात्यांच्या हातावर ठेवली, तात्या पाया पडले. पुढच्या पाडव्याला भिंत पाडली. तिच्या विटांचं आत्तींनी कोंबड्यांचं खुराडं बांधून घेतलं.

पण कथा इथं संपत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी धुणं घेऊन बसले. आबांची ती बंडी भिजत घालायला उचलली तर जड लागली. खिशात हात घातला. चंची नव्हती. एक पाना निघाला. टोकाला वाकवलेला, कोयरीसारखा, ग्रीसनं काळा झालेला. मी काही मिस्त्री नव्हे, पण परवाची सगळी सकाळ त्या बोल्टकडं बघण्यात गेली होती. तो पाना कशासाठी असा वाकवलाय हे मला बघताक्षणी कळलं. मी तशीच ओल्या हातानं उठले, गाडीपाशी गेले, पाना आत घातला. बोल्टवर असा बसला, जसा काही त्याच्यासाठीच जन्मला होता.

मागं आबा उभे होते.

"आबा, हा तुमच्याकडं होता?"

"व्हय."

"मग आदल्या खेपेला बेल्ट..."

"ह्यानंच बसवला की."

"म्हणजे परवा सकाळीसुद्धा? मी रडत होते तेव्हा?"

आबांनी टोपी काढली, डोक्यावरनं हात फिरवला, परत घातली. म्हणाले, "तुला पोचवायचंच हुतं गं. वाटंत गाडी अडली तर लागंल, म्हणून तर ह्यो पूजंत मांडला न्हाई, खिशात घेऊन हिंडत हुतो. शाम न्हाई म्हणाला असता तर म्हणलं, हाय की आपला." मग थोडं थांबून म्हणाले, "पण इतकी वर्सं त्याच्या दारात जायला निमित्त घावंना झालतं. सुनंसाठी गेलो म्हणलं तर जाता येतंय."

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. उलट छातीवरची धोंड उतरल्यासारखं झालं. म्हणजे माझी नोकरी कधी जाणारच नव्हती. मी बेल्ट तुटल्यापासनं जो जीव मुठीत धरून बसले होते, तो ह्या म्हाताऱ्याच्या खिशात सुखरूप होता. मला हसू फुटलं आणि हसता हसता रडायला आलं.

"शामला दावू नको," आबा म्हणाले. "त्याला वाटंल, फशिवलं."

मी पाना फडक्यात गुंडाळून माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाला ठेवला. आणि शब्द पाळला. नोकरी केली, बदल्या झाल्या, पोरं झाली, आबा गेले, त्यांच्या मागनं आत्ती गेल्या. निवृत्त होऊन परत गावी आले. तात्यांना कधी त्या पान्याचा वाससुद्धा लागू दिला नाही.

परवाच्या खंडेनवमीला मात्र मनात आलं, हत्याराला इतकी वर्षं पूजा नाही, हे काही बरं नाही. तात्या आता थकलेत, दिसतही कमी, सकाळी सोप्यात ऊन खात बसतात. ते आहेत तिकडं तोवर पटकन मांडावा म्हणून मी पाटावर तो जोडलेला पाना ठेवला, गोटी अजून त्याच्यावरच आहे, आणि शेजारी हा वाकडा पाना. फूल वाहते तो मागं काठीचा आवाज.

तात्या वाकले. वाकडा पाना उचलला. डोळ्यांजवळ नेला, मग त्याच्या बाकावरनं अंगठा फिरवला. आता काय सांगायचं, कसं सांगायचं.

"अजून हाय व्हय हा?" तात्या म्हणाले. "ह्यो मी वाकवलाय. वाटणीच्या आदी, कारखान्याच्या भट्टीत. त्या डायनामोच्या बोल्टासाठी दादानं करून घेतला हुता माझ्याकडनं."

"म्हणजे, तात्या, तुम्हाला ठाऊक होतं? आबांकडं हा आहे ते?"

"न्हाई तर? त्यो भिंतीपाशी गोटी मागाय आला, तवाच कळलं मला." तात्यांनी पाना जिथं होता तिथं, मोठ्या पान्याच्या शेजारी, नीट ठेवला. "त्याला गोटी नको हुती."

मग त्यांनी चाचपडत ताटातली हळद चिमटीत घेतली. म्हणाले, दोन्हीला लाव गं, आणि मी लावली.